ज्याने अमेरिकेला मॉल दिले, त्यानेच नंतर हात का झटकले?

मॉल म्हटलं की पार्किंग, एसी आणि फूड कोर्ट आठवतं. पण ज्याला मॉलचा जनक म्हणतात, त्या व्हिक्टर ग्रुएनला खरंतर गावासारखा चौक उभा करायचा होता.

ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू आर्किटेक्ट. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया बळकावल्यावर तो अमेरिकेत आला.

महायुद्ध संपलं आणि अमेरिकन लोक शहराबाहेर घरं घेऊ लागले. दारात गाडी आलेली आणि सरकारी हमीमुळे गृहकर्जही सोपं झालेलं. पण ही हमी मिळायची ती प्रामुख्याने गोऱ्यांना. त्यामुळे डेट्रॉइटमधली गोरी कुटुंबं उपनगरात गेली आणि कृष्णवर्णीय बहुतांशी शहरातच राहिले.

डेट्रॉइटचं सगळ्यात मोठं दुकान होतं हडसन्स. गिऱ्हाईकच लांब गेल्यावर दुकानानेही त्याच्या मागे जायचं ठरवलं. काम मिळालं ग्रुएनला आणि २२ मार्च १९५४ रोजी साउथफिल्डमध्ये नॉर्थलँड सेंटर सुरू झालं.

मधोमध हडसन्स, भोवती छोटी दुकानं आणि त्याबाहेर हजारो गाड्यांचं पार्किंग. गाडी लावून हडसन्सला जायचं तर वाटेत बाकीची दुकानं लागणारच. म्हणजे मोठ्या दुकानाच्या जिवावर छोट्यांचाही धंदा. आज मॉलमध्ये 'अँकर स्टोअर' असतं, ते याच गणितावर.

नॉर्थलँडवर तेव्हा छत नव्हतं. बागा, कारंजी, शिल्पं होती, सभा-कार्यक्रमांसाठी हॉलही होते. लोकांनी खरेदीपलीकडेही इथं रमावं, ही ग्रुएनची कल्पना.

नॉर्थलँड तुफान चाललं. पण त्याची नक्कल करणाऱ्या बिल्डरांनी चौक सोडला आणि दुकानं व पार्किंग तेवढं उचललं. ग्रुएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला आणि पुढे अशा मॉल्सची जबाबदारी त्याने जाहीरपणे नाकारली.

इकडे डेट्रॉइटमधले कारखाने, नोकऱ्या आणि गिऱ्हाईक बाहेर जातच राहिलं. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आली. शहरातलं हडसन्स १९८३ मध्ये बंद पडलं आणि १९९८ मध्ये ती इमारत स्फोटकं लावून पाडली.

ज्या नॉर्थलँडने शहरातलं गिऱ्हाईक ओढलं, त्याचं गिऱ्हाईक पुढे आणखी लांबच्या, नव्या मॉल्सनी ओढलं. २०१५ मध्ये नॉर्थलँडलाही टाळं लागलं.