पुलावरचा टोल का वाढतो?

निलंगेकरांना प्रवासात अनेकदा तेरणा, मांजरा या नद्या ओलांडाव्या लागतात, म्हणून राष्ट्रीय महामार्गावरील टोलचा हा हिशेब माहीत हवाच. 2008 च्या नियमांनुसार दर 1 एप्रिलला टोल वाढतो: मूळ दरावर ठरलेले 3 टक्के, शिवाय घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचा 40 टक्के हिस्सा. आलेली रक्कम जवळच्या 5 रुपयांपर्यंत नेतात.

मोठ्या पुलाची लांबी दहापट धरतात. 40 किलोमीटरच्या टप्प्यात 2 किलोमीटरचा पूल असेल, तर आकारणी 58 किलोमीटरची. जुलै 2025 मध्ये यावर मर्यादा आली: एकूण टप्प्याच्या पाचपट किंवा वरचा हिशेब, यांत जो कमी तो. पण इथे पाचपट म्हणजे 200, सवलत शून्य! फायदा होतो तो जवळपास निम्मा रस्ता पूल-बोगद्यांचा असेल तिथेच. शेतातून जाणाऱ्या आपल्या रस्त्यांच्या वाट्याला तो क्वचितच येईल.

24 तासांत परतणाऱ्यांनी मात्र जाण्या-येण्यासाठी मिळून दीडपट दराचा हक्क सोडू नये. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांना मासिक पास मिळतो. 2025-26 साठी तो 350 रुपयांना होता.