रक्तदाब आणि अंबाडीच्या बोंडांचा काढा

हिवाळ्यात अंबाडीची लाल बोंडे बाजारात आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, बोंडांचा काढा घेतला तर बी.पी.ची गोळी बंद करता येईल का?" उत्तर आधीच सांगतो. काढा घ्यायला बहुतेकांना हरकत नाही. गोळी मात्र बंद करू नये.

काढ्यात गुण नाही असे नाही. २०१० साली अमेरिकेत ६५ जणांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा वरचा रक्तदाब १२० ते १५० च्या दरम्यान होता आणि कोणीही रक्तदाबाची गोळी घेत नव्हते. सहा आठवडे रोज तीन कप काढा घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ७ अंकांनी उतरला. तशाच चवीचे साधे पेय घेणाऱ्यांचा जेमतेम एक अंकाने उतरला. खालच्या दाबात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता हिशेब करा. ज्याचा दाब १७० आहे, त्याचा ७ अंकांनी उतरला तरी १६३ च राहतो. दवाखान्यात मोजलेला दाब १४०/९० च्या खाली हवा. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी काढ्याच्या भरवशावर महिनाभर गोळ्या सोडल्या. त्रास काहीच नव्हता. तपासले तर दाब १९०/११०! रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो घातक. पक्षाघात सूचना देऊन येत नाही. शिवाय काही गोळ्या अचानक थांबवल्यास दाब एकदम उसळतो.

काढा करायचा तर बोंडाभोवतीचे लाल आवरण वाळवून घ्यावे. त्यातले लहान चमचाभर कपभर उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटे झाकून ठेवावे व गाळून प्यावे. साखर घालू नये, मधुमेह्यांनी तर नाहीच. बोंडांची चटणी म्हणजे काढा नव्हे. तिच्यातले मीठ दाब वाढवते.

गरोदर स्त्रियांनी हा काढा घेऊ नये. आम्लपित्त असणाऱ्यांना आंबटपणा बाधतो. हिवतापासाठी क्लोरोक्विन चालू असताना तो टाळावा, कारण औषध रक्तात कमी उतरते. गोळी व काढा दोन्ही घेताना उठल्यावर चक्कर आली, तर काढा थांबवून दाब मोजून घ्यावा.

बाजारातील तयार काढ्यांच्या पुड्यांवरील घटक वाचावेत. त्यात ज्येष्ठमध असेल तर सावध! खोकल्यावर गुणकारी असलेले ज्येष्ठमध रोज घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब उलट वाढतो.

काढा सुरू करण्यापूर्वी दाब मोजून लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा मोजा. खरोखर उतरला असेल तर गोळीची मात्रा कमी करायची की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.