वृक्क प्रतिरोपण

वृक्क प्रतिरोपण : निकामी झालेल्या वृक्काचे (मूत्रपिंडाचे) कार्य चालू राहावे म्हणून दुसऱ्या व्यक्तीचे निरोगी वृक्क रुग्णाच्या शरीरात शस्त्रक्रियेने बसविण्याच्या क्रियेस ‘वृक्क प्रतिरोपण’ म्हणतात. व्यवहारात ‘मूत्रपिंड प्रत्यारोपण’ ही संज्ञाही रूढ आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, वृक्कशोथ, मूत्रमार्गातील दीर्घकालीन अडथळा इ. कारणांनी दोन्ही वृक्के कायमची निकामी झाली म्हणजे रक्तात त्याज्य द्रव्ये साचतात. अपोहनाने (डायालिसिसने) ती काढता येतात. परंतु त्यासाठी रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो. रक्तातील तांबड्या कोशिकांच्या निर्मितीस चालना देणारे हॉर्मोनही यंत्र तयार करू शकत नाही. यशस्वी प्रतिरोपणाने या दोन्ही उणिवा दूर होतात.

इतिहास : रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र आलेक्सिस कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच विकसित केले होते, तरीही बसविलेले वृक्क थोड्याच दिवसांत निकामी होई. परके ऊतक ओळखून शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा त्याचा नाश करते, हे पुढे पीटर मेडावर यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकयुग्मजी जुळ्या भावांत केलेले प्रतिरोपण यशस्वी झाले, कारण दोघांची ऊतके समान होती. इतर दात्यांची वृक्के टिकू लागली ती प्रतिरक्षादमन करणाऱ्या औषधांमुळे. त्यांपैकी ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइडे आधी, तर सायक्लोस्पोरीन व टॅक्रोलिमस नंतर प्रचारात आली.

भारतातील पहिला प्रयत्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मे १९६५ मध्ये मृत दात्याच्या वृक्काने झाला; तो रुग्ण फार काळ जगला नाही. जिवंत दात्याकडून यशस्वी प्रतिरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले.

पद्धती : दाता व ग्राही यांचे रक्तगट व ऊतकप्रकार तपासतात आणि ग्राहीच्या रक्तात दात्याच्या कोशिकांविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत याची खात्री करून घेतात. नवे वृक्क मूळ जागी न बसविता ओटीपोटाच्या एका बाजूस बसवितात. त्याच्या रक्तवाहिन्या श्रोणीतील रक्तवाहिन्यांना व मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. रुग्णाची स्वतःची वृक्के सामान्यतः काढीत नाहीत. दात्याचे वृक्क दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदांतून काढण्याची पद्धत १९९५ पासून प्रचारात आल्याने दात्याच्या वेदना व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. ग्राहीस मात्र औषधे कायम घ्यावी लागतात. ती मध्येच थांबविल्यास वृक्क गमावण्याचा धोका असतो, तर त्यांच्यामुळे संसर्ग व काही कर्करोगांचा संभव वाढतो.

कायदा व दान : गरिबांनी पैशासाठी वृक्क विकल्याचे प्रकार १९८० च्या दशकात देशात उघडकीस आले. त्यांना आळा घालणारा मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला व तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत प्रथम, फेब्रुवारी १९९५ मध्ये, अंमलात आला. त्यान्वये अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली, जवळच्या नातेवाइकाव्यतिरिक्त दाता असल्यास प्राधिकार समितीची मान्यता आवश्यक झाली आणि मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूस कायदेशीर मान्यता मिळाली. असा मृत्यू चार वैद्यांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून प्रमाणित करते. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचा समावेश जवळच्या नातेवाइकांत झाला; तसेच रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना परस्परांत दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली.

महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप प्रतीक्षायादीनुसार मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होते. पश्चिम भारताची प्रादेशिक समन्वय संस्था ज्या के. ई. एम. रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला तेथेच आहे. तथापि, देशातील बहुतेक वृक्के अजूनही जिवंत दात्यांकडून मिळतात. त्या दात्यांत स्त्रिया अधिक, तर ग्राहींत पुरुष अधिक आढळतात. मृत्यूनंतरच्या दानास कुटुंबीयांची संमती वाढल्यास घरातील स्त्रीवर पडणारा हा भार हलका होऊ शकेल.

दात्यांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून जनुकीय बदल केलेल्या डुकराचे वृक्क मार्च २०२४ मध्ये बॉस्टन येथे प्रथमच एका जिवंत रुग्णास बसविण्यात आले. तो रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी मरण पावला. या दिशेने संशोधन चालू असले, तरी मानवी दानाची जागा ते अद्याप घेऊ शकलेले नाही.