नंबर नेमका कुणाच्या खिशात?

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आठवते. १९७० आणि १९८४ साली इथे झालेल्या दंगलीही अनेकांना आठवत असतील. १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस एकत्र बसत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

या प्रयोगात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आम्हाला इथे त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे : अडचणीच्या वेळी कुणाशी बोलायचं, हे अडचण येण्याआधीच ठाऊक असणं. पण अधिकाऱ्याची बदली होते, कारकून निवृत्त होतो. माहिती त्यांच्या खिशातल्या डायरीत असेल, तर ती त्यांच्याबरोबरच जाते. मग ती सगळ्या कचेरीची कशी करायची?

आपण शाळेचंच उदाहरण घेऊ. समजा, श्रावणातली दुपार आहे. कामवारी नदीचं पाणी चढतंय. मुलांना लवकर न्यायला या, असं पालकांना कळवायचं आहे. एका मुलीच्या वडिलांचे तीन नंबर सापडतात : एक कार्यालयातल्या रजिस्टरात, दुसरा वर्गशिक्षिकेच्या डायरीत, तिसरा मुख्याध्यापकांच्या मोबाईलमध्ये. वडिलांनी दिवाळीत नंबर बदलला आणि तो फक्त बाईंना सांगितला. बाई आज रजेवर आहेत!

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे एक यादी करून तिच्या प्रती सगळ्यांना वाटणं. पण दुसऱ्या दिवशी एक नंबर बदलला की सगळ्या प्रती शिळ्या होतात. म्हणून माहिती एकाच जागी ठेवायची आणि विचारेल त्याला तिथून द्यायची. हे काम करणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. पंगतीतल्या वाढप्यासारखंच त्याचं काम. तो फार मोठा असावा लागत नाही. कार्यालयातला एखादा साधा संगणक इतर संगणकांना तारेने जोडला तरी चालतं. शाळेपुरतं काम असेल तर इंटरनेटचीही गरज नाही. पोस्टग्रेस्क्यूएलसारखी माहिती सांभाळणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात.

आता माहिती मांडायची कशी? एका घरातली तीन भावंडं शाळेत असतील, तर वडिलांचा नंबर तीनदा लिहायचा का? मग बदलताना दोनदाच बदलला जाणार, हे नक्की! एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने १९७० साली यावर एक वाट दाखवली. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवायची आणि एक गोष्ट एकदाच लिहायची. आपल्याला तीन तक्ते लागतील : विद्यार्थी, पालक आणि नाती. तिसऱ्या तक्त्यात फक्त 'विद्यार्थी क्र. २१२, पालक क्र. ९०, वडील' एवढंच लिहायचं. नंबर बदलला तर पालकांच्या तक्त्यात एकच दुरुस्ती करायची, ती तिन्ही भावंडांना लागू होते.

क्रमांक कशाला, नाव पुरणार नाही का? भिवंडीत मराठी, उर्दू, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा आहेत. एकच नाव एका लिपीतून दुसरीत जाताना 'महंमद'चं 'मोहम्मद' होतं, आणि एका माणसाच्या दोन नोंदी होतात. उलट, एकाच नावाची दोन माणसंही असतात. फोन नंबर तर बदलतच राहतो. म्हणून कधीही न बदलणारा, एकदा दिला की दुसऱ्याला न देण्याचा क्रमांक हवा. जनरल रजिस्टरमधला क्रमांक आपण असाच वापरतो ना?

एकाच जागी अनेकांचे हात लागले की आणखी एक अडचण येते. ती वर्गात करून पाहता येईल. एका कार्डावर नाव, पत्ता आणि फोन लिहून ते टेबलावर ठेवा. दोन विद्यार्थ्यांनी ते आपापल्या कागदावर उतरवून घ्यावं. एकाने पत्ता बदलून आपला कागद कार्डाच्या जागी ठेवावा. मग दुसऱ्याने फोन बदलून आपला कागद त्यावर ठेवावा. काय झालं? नवा पत्ता नाहीसा झाला, आणि चूक तर कुणाचीच नाही! यावर दोन उपाय आहेत. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं. किंवा प्रत्येक दुरुस्तीला कार्डावर अनुक्रमांक वाढवायचा. परत ठेवताना क्रमांक जुना निघाला, तर पुन्हा नव्याने वाचायचं. सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं या दोन्ही युक्त्या वापरतात.

लिहितालिहिता लाइट गेली तर? चांगलं सॉफ्टवेअर काय बदलणार ते आधी एका रोजनिशीत टिपून ठेवतं. वीज आल्यावर ते रोजनिशी वाचून अर्धवट काम पूर्ण करतं किंवा रद्द करतं. पण डिस्कच बिघडली तर याचा उपयोग नाही. म्हणून रोज एक प्रत काढावी, ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि तिच्यावरून माहिती खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून तपासावं. पुराच्या दिवशी वीज जाणारच, म्हणून दर महिन्याला तारीख घातलेली एक छापील यादीही काढून ठेवावी.

माहिती सर्वांची झाली, म्हणजे ती सर्वांना दिसावी असं नाही. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड हवा आणि कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहायला हवी. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद त्यात आहे.

एक काम मात्र सर्व्हर करू शकत नाही. नंबर अजून चालू आहे का, हे माणसालाच विचारावं लागतं. तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर आणण्याआधी हे करून पाहा. आपल्या शाळेत पालकांच्या नंबरांच्या किती याद्या आहेत ते मोजा. मग कुठल्याही दहा मुलांचे नंबर त्या सगळ्या याद्यांत सारखे आहेत का, ते पडताळा. आणि त्या दहा घरी फोन लावा. किती लागतात?