‘बारीक आहे, पण काटक आहे’: मुलांचं वजन, आईबापांची नजर आणि वजनकाटा

‘पोरगं अंगानं बारीक आहे, पण काटक आहे.’ ‘आमच्या घराण्यातच सगळे किडकिडीत.’ अंगणवाडीत वजनाच्या दिवशी अशी वाक्यं हमखास ऐकू येतात. ताईंच्या नोंदवहीत जे मूल कमी वजनाचं असतं, ते आईच्या मते अगदी ठीक असतं. याला आईची बेफिकिरी म्हणणं हाच या विषयातला पहिला गैरसमज. मूल बारीक की भरलेलं हे ठरवताना आपण सगळेच ते आजूबाजूच्या मुलांशी ताडून पाहतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची होती आणि ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती. जिथे दर तीन मुलांमागे एक असं असतं, तिथे ताडून पाहायचं मापच खाली सरकतं. आईची नजर खोटं बोलत नाही, तिच्या हाती दिलेलं माप चुकीचं असतं.

वाढ खुंटलेलं मूल हाडकुळं दिसेलच असं नाही, त्यामुळे हा चकवा आणखी वाढतो. तीन वर्षांची एक मुलगी ८६ सेंटीमीटर उंच आणि साडेदहा किलो वजनाची आहे असं धरा. ती प्रमाणबद्ध दिसेल, तिच्या बरगड्या मोजता येणार नाहीत, कारण त्या उंचीला ते वजन फारसं कमी नाही. पण ८६ सेंटीमीटर ही दोन वर्षांच्या मुलीची सरासरी उंची आहे. तीन वर्षांच्या मुलीची सरासरी उंची ९५ सेंटीमीटर आणि वजन जवळपास १४ किलो असतं. म्हणजे ही मुलगी उंचीत वर्षभर मागे पडली आहे आणि वजनातही धोक्याच्या रेषेखाली आहे. वय विसरून पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही. वाढीचा तक्ता वजन वयाशी जोडून मांडतो, म्हणून त्यात हे दिसतं.

यावर सर्वात जास्त घेतला जाणारा आक्षेप आनुवंशिकतेचा. आपली माणसं मुळातच लहान चणीची, मग परदेशी तक्त्यावर आपली मुलं का मोजायची? शंका रास्त आहे, पण तक्ता निव्वळ परदेशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये जाहीर केलेले वाढीचे निकष ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवर बेतले आहेत. त्यात दिल्लीची मुलंही होती. आईचं दूध, नीट आहार, स्वच्छता आणि वेळेवर उपचार मिळालेली ही मुलं सहाही देशांत जवळजवळ सारखीच वाढली. लांबीतल्या एकूण फरकापैकी जेमतेम तीन टक्के फरक देशादेशांमधला होता, बाकी बहुतेक फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला. घराण्याचा वाटा असतोच, उंच आईबापांचं मूल उंच होतं. पण ज्या आईची स्वतःची वाढ लहानपणी खुंटली, तिचं बाळही जन्मतः लहान असण्याची शक्यता वाढते. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. ज्याला आपण ‘घराण्याची चण’ म्हणतो, त्यात रक्ताइतकाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्याचा वारसाही असू शकतो.

दुसरा पक्का समज असा, की मूल खेळतंय, हुंदडतंय, म्हणजे त्याला काही झालेलं नाही. शरीर काटकसर मात्र वेगळ्या क्रमानं करतं. अन्न कमी पडलं की आधी वाढ मंदावते, मलूलपणा बऱ्याच उशिरा येतो. मधल्या काळात जुलाब किंवा न्यूमोनिया झाला, तर अशा मुलाजवळ त्याला तोंड द्यायला शिल्लक काही नसतं. जगभरातल्या पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांशी कुपोषण जोडलेलं आहे, ते याच कारणानं. म्हणूनच सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते खेळत असलं तरी तीव्र कुपोषित मानलं जातं. कधी याच्या उलटही फसगत होते. दोन्ही पायांवर सूज आलेलं मूल भरलेलं दिसतं, काट्यावरही वजन बरं भरतं, पण ती सूज तीव्र कुपोषणाची खूण असू शकते.

बारीक मुलंच पाहायची सवय झालेल्या समाजाला ‘गुटगुटीत’ मूल म्हणजे कष्टाचं चीज वाटतं. इथेही नजर फसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित अभ्यासात, अतिवजनी मुलांच्या सुमारे निम्म्या पालकांना त्यांचं वजन आहे त्यापेक्षा कमीच वाटत होतं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या अतिवजनी मुलांचं प्रमाण अजून थोडं आहे, पण चौथ्या आणि पाचव्या राष्ट्रीय पाहणीच्या दरम्यान ते १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलं. पुण्याच्या अभ्यासातली बाळं वजनानं लहान असूनही त्यांच्या अंगात चरबी मात्र तुलनेनं टिकून होती. अशा मुलांचं वजन पुढे झपाट्यानं वाढलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून बारीक मुलावरचा उपाय पाच रुपयांचा बिस्किटपुडा नव्हे, आणि वरणाचं नुसतं पाणीही नव्हे. त्याला घट्ट वरण, अंडं, शेंगदाण्याचं कूट आणि घासाघासाला थोडं तेल-तूप हवं.

शेवटचा आक्षेप सर्वात गंभीर आहे. ज्या घरी डाळच पुरत नाही, त्या आईला तक्ता दाखवून काय उपयोग? समजल्यानं ताट भरत नाही, हे खरं. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं मूल बारीक राहतं, ते आईला कळत नाही म्हणून नव्हे, तर तिला दिवसभर फडात राबावं लागतं म्हणून. पण ज्या घरात मूल ठीक आहे अशीच समजूत असते, त्या घरातून हक्काची मागणीही उठत नाही. घरपोच आहार नियमित का मिळत नाही, गावात कुपोषित मुलांसाठीचं ग्राम बाल विकास केंद्र का सुरू होत नाही, हे विचारायला आधी उणीव दिसावी लागते. काटा बिघडलेला असू शकतो, एखाद्या महिन्याचा आकडा तापामुळे घसरू शकतो. त्यामुळे एका आकड्यानं घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये, तक्त्यावरची रेष कुठे चालली आहे ते पाहावं. दृष्ट लागेल म्हणून वजन टाळणाऱ्या आजीच्या मनातही नातवाची काळजीच असते. अंगणवाडीताईंनी नोंदवहीतला वजनाच्या श्रेणीचा रंग सांगून थांबू नये. मागच्या तीन महिन्यांचे ठिपके आई-आजीसमोर जोडून दाखवावेत, म्हणजे त्या काळजीला योग्य माप मिळेल.