उपदेशकाच्या पीठावरून सिनेटमध्ये

गुलामगिरी गेल्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांस नागरिकत्व मिळाले. परंतु ते केव्हापासूनचे धरावयाचे, हा वाद हायरम रेव्हल्स यांच्या निमित्ताने उभा राहिला. १८२७ साली नॉर्थ कॅरोलायनात, गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेले रेव्हल्स मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. मिसूरीत स्वबांधवांना उपदेश केल्याबद्दल १८५४ मध्ये त्यांना कारावास घडला. यादवी युद्धानंतर ते मिसिसिपीत स्थायिक झाले. जानेवारी १८७० मध्ये तेथील विधिमंडळात त्यांनी केलेली प्रारंभीची प्रार्थना सभासदांच्या मनावर ठसली, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडले.

विरोधकांनी कायद्याचा कीस काढला. सिनेटर होण्यास नऊ वर्षांचे नागरिकत्व लागते. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांस ते नाकारलेले, आणि चौदावी घटनादुरुस्ती तर १८६८ ची. म्हणजे त्याच भूमीवर जन्मलेला गृहस्थ जेमतेम दोन वर्षांचा नागरिक! २५ फेब्रुवारीस ४८ विरुद्ध ८ मतांनी त्यांना आसन मिळाले. ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर होत.

वर्षभराच्या कारकीर्दीत राजधानीच्या शाळांतील वर्णभेदास त्यांनी विरोध केला. आणि निष्ठेची शपथ घेणाऱ्या बंडखोरांस क्षमा करावी, असेही प्रतिपादिले. हा कोणास भाबडेपणा वाटेल. आम्हांस त्यात उपदेशकाचा पिंड दिसतो. पुढे ऑलकॉर्न येथील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये एका धर्मपरिषदेस गेले असता त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच, १८९० च्या नव्या राज्यघटनेने, मिसिसिपीतील बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला होता.