आत्मविश्वास आणि त्याचे निकटचे शब्द

आत्मविश्वास, श्रद्धा, खात्री आणि अहंकार हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. कुंभकोणम येथे वाढलेले गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांच्या चरित्रात हा भेद स्पष्ट दिसतो. गणिताच्या ध्यासात इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली. तरीही जानेवारी १९१३ मध्ये, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून असताना, त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना आपली सूत्रे पाठविली. स्वतःच्या कुवतीवरील हा भरवसा म्हणजे आत्मविश्वास. आपल्या गणितामागे नामक्कलच्या नामगिरी देवीची कृपा आहे, असे ते मानीत. ती श्रद्धा होय, कारण तिचा आधार स्वतःपलीकडे असतो. खात्री मात्र व्यक्तीविषयी नसून विधानाविषयी असते, आणि गणितात ती सिद्धतेनेच लाभते. मूळ संख्यांविषयीची त्यांची काही विधाने चुकीची ठरली. आत्मविश्वास हा अचूकपणाचा पुरावा नव्हे, हे यावरून कळते. १९१४ साली केंब्रिजला गेल्यावर हार्डींकडून ते सिद्धतेची रीत शिकले. आत्मविश्वासात शिकण्यास वाव असतो. अहंकारात तो उरत नाही.